एक जूनची मुले

मे महिन्याचा शेवटचा आठवडा मराठवाड्यात निरोप-समारंभांचा असतो. नांदेड-लातूरच्या कचेऱ्यांत, तालुक्यांच्या पंचायत समित्यांत आणि गावोगावच्या शाळांत ३१ मे या एकाच दिवशी इतके शिक्षक, ग्रामसेवक, कारकून आणि शिपाई सेवानिवृत्त होतात, की शाल-श्रीफळांची जमवाजमव करणाऱ्यांची तारांबळ उडते. एकाच साहेबांना एका सभेतून उठून दुसरीकडे तेच भाषण करावे लागते. परक्या माणसाला वाटावे, की या मुलखातल्या सगळ्या बायका एकाच दिवशी बाळंत होत असाव्यात. नियम साधा आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, आणि ही सारी मंडळी १ जूनला जन्मलेली आहेत. जन्मलेली, म्हणजे कागदावर.

आम्हीही त्यांतलेच. आईच्या हिशेबाने आमचा जन्म पोळा होऊन महालक्ष्म्या बसण्याच्या दिवसांतला, आणि ‘त्या साली पाणी लई झालं होतं’ एवढी त्याची दुसरी खूण. गुरुजींच्या दाखल-खारीज रजिस्टरात मात्र महालक्ष्म्यांसाठी रकाना नव्हता. शाळा जूनमध्ये भरते आणि मूल सहा वर्षांचे असावे लागते. तेव्हा त्या वर्षातून सहा वजा करायचे आणि पुढे १ जून लिहायचे, असा तो हिशेब. उत्तर हिंदुस्थानात शाळा जुलैत भरत, म्हणून तिकडे १ जुलैला जन्मलेल्यांची अशीच गर्दी आढळते. त्या काळी मुलाच्या जन्माने शाळेची तारीख ठरत नसे. शाळेच्या तारखेने मुलाचा जन्म ठरे.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे, की लातूर-नांदेडच्या सुशिक्षित घरांत अलीकडे दर जानेवारीत एक प्रश्न फार गांभीर्याने चर्चिला जातो: लेकराला यंदा केजीत घालावे, की एक वर्ष थांबावे? आईवडील ओळखीच्या डॉक्टरांना विचारतात, शेजारच्या बाईंना विचारतात, आणि आमच्यासारख्या निवृत्त मास्तरालाही विचारतात. प्रश्न नवा वाटतो. पण मुलाच्या वयाचा आकडा ठरवायचा कोणी, आणि त्यातून मिळणारे एक वर्ष जायचे कोणाच्या पदरात, हा या प्रश्नाचा गाभा आमच्या भागात चांगला जुना आहे.

शाळा हे अक्षरओळखीचे मुख्य ठिकाण नव्हते, तेव्हा हा आकडा विधी ठरवीत असे. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करायची आणि पोराचा हात धरून ‘श्री’ गिरवायची, हे पाचव्या वर्षाच्या आसपास होई. मुंजीचे आठवे वर्ष एका जातीपुरते. नांदेडच्या जुन्या मुसलमान घरांत बिस्मिल्लाचा विधी होई, तो मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाल्यावर; इतका काटेकोर हिशेब आमच्याकडच्या कोणत्याही शासन निर्णयाने आजवर केलेला नाही. विधीचे वैशिष्ट्य असे, की त्यात मूल पहिल्या दिवशी फक्त आरंभ करी. ते कोणाच्या पुढे आहे वा मागे आहे, हा प्रश्नच त्यात नव्हता. अर्थात पाटी ज्यांच्या घरी पोचली होती त्यांच्यापुरतेच हे खरे.

निजामी राजवटीत मराठवाड्यात शाळाच थोड्या. तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशा पायऱ्या. वरचे शिक्षण उर्दूत, आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले तेही उर्दू माध्यमाचे. आजही एखादे वृद्ध गृहस्थ ‘मी चौथी जमात शिकलो’ असे सांगतात, तेव्हा त्या व्यवस्थेचा आवाज कानी येतो. जुन्या नोंदी फसली सनात. तिचे वर्ष आमच्याकडे ६ ऑक्टोबरला, आजूर महिन्यात सुरू होई, आणि इसवी सन काढायचा तर फसली आकड्यात साधारण ५९० मिळवावे लागत. सप्टेंबर १९४८ नंतर जी पोरे नव्याने उघडलेल्या मराठी शाळांत आली, त्यांच्या आजोबांचे वय फसलीत, बापाचे वय दुष्काळांच्या आठवणीत आणि त्यांचे स्वतःचे गुरुजींच्या अंदाजात, असा प्रकार होता. मुलाला शाळेत सक्तीने घालावे काय, ही चर्चा मुंबई इलाख्यात त्याआधीच गाजली होती. गोखल्यांनी १९११ साली मांडलेल्या विधेयकात सहा ते दहा हे वय होते, आणि ते विधेयक नामंजूर झाले. ‘बिगरी’ हा पहिलीच्या आधीचा वर्ग तिकडच्या मराठी माणसाच्या बोलण्यात इतका रुळला, की पु. लं.नी तो लेखाच्या मथळ्यात घातला. आमच्याकडे बिगरी नव्हती. आमच्याकडे कान होता.

या कानाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. जन्माचा दाखला नसलेले मूल शाळेच्या दारात उभे राहिले, की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती लागला तर नाव लिहिले जाई. नाही लागला तर ‘पुढल्या साली आण’. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना पहिल्या दिवसाचे आठवते ते एवढेच: मान वाकडी न करता ताणलेला हात आणि मागून बापाचे ‘धर की, धर की’. आम्ही बरीच वर्षे याला खेडवळ गंमत समजत होतो. पुढे कळले, की पार पूर्व आफ्रिकेत आणि फिलिपाइन्समध्येही हीच युक्ती वापरात होती, आणि शरीरशास्त्रात तिला आधार आहे. तान्ह्याचे डोके मोठे आणि हात आखूड असतात. सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास हे प्रमाण बदलून हात पलीकडच्या कानापर्यंत पोचतो. म्हणजे गुरुजी मोजत होते ते वय नव्हते, वाढ होती. आजचे बालरोगतज्ज्ञ ‘मूल तयार आहे का’ असे विचारतात, तो प्रश्न गुरुजी एका हातात आणि एका कानात उरकीत.

मात्र या मापात एक अन्याय दडलेला होता. ज्याला पोटभर मिळत नाही, त्याची वाढ खुंटते. १९७२ च्या दुष्काळानंतर शाळेच्या वयाला आलेल्या लेकरांचे काय झाले असेल, याचा विचार आम्ही अधूनमधून करतो. सधन घरचा सव्वापाच वर्षांचा मुलगा कान धरून आत जाई, आणि मजुराचा साडेसहाचा पोरगा हात आखूड पडला म्हणून शेरडांमागे परत जाई. त्याला मिळालेले जादा वर्ष घरच्या मायेत जात नसे. ते गुराखीपणात आणि धाकटे भावंड कडेवर वागवण्यात खर्ची पडे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सारे अपरिचित नसावे. मराठी दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने जन्मतारखेच्या अभावापासून सुरू होतात, ही बाब आपण वर्गात ‘अस्मितेचा प्रश्न’ म्हणून शिकवतो. ती शाळाप्रवेशाच्या इतिहासाची साधनेही आहेत, हे सांगायचे राहून जाते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. त्याचा आरंभच मुळी आपल्याला जन्मतारीख नाही, गाव नाही, घर-शेत नाही, या निवेदनाने होतो. त्यांच्या जमातीत शाळेत जाणारे ते पहिले. वस्तीतली पोरे हगवण-ओकारीने आजारी पडू लागली, तेव्हा त्याचा ठपका लक्ष्मणच्या शाळेत जाण्यावर ठेवण्यात आला, आणि बाप मात्र मुलाला शाळेतून काढायला तयार होईना. तिथे ‘योग्य वय कोणते’ हा प्रश्न नाही; शाळेत जाणेच देवाला मान्य आहे की नाही, हा आहे. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) उदगीरकडच्या चेरा गावचे. पोरक्या मुलाला बहिणीच्या घरी राहून शिकायचे आहे, आणि शाळेचे प्रत्येक वर्ष कोणाच्या तरी भाकरीवर अवलंबून आहे. ही दोन पुस्तके हाती घेऊन मग केजीच्या प्रवेशाचा फॉर्म वाचावा, अशी शिफारस आम्ही अनेकांना केली. कोणी मनावर घेतली नाही.

गुरुजींच्या लेखणीकडे पुन्हा वळू. तारीख आपल्याच हाती असल्याने ती दोन्ही बाजूंना सरकवता येई. ‘गुरुजी, दोन वर्षं कमी लावा’ ही विनंती सर्वांत जास्त. सरकारी नोकरीची कमाल वयोमर्यादा, निवृत्तीचे वय, पुढे नवोदय विद्यालय आणि सैनिक स्कूलच्या प्रवेशाची वयाची अट, हे सारे शेतकरी बापाला ठाऊक असायचेच असे नाही. पण वय कमी असलेले बरे, एवढे त्याला कळत होते. लिहिताना गुरुजींच्या मनात पाप नव्हते. ज्याचे पोर शाळेत उशिरा आले त्याचे वाया गेलेले वर्ष भरून देण्याची तेवढीच एक सोय त्यांच्यापाशी होती, आणि ती दौतीत होती. या खोट्या तारखेने अनेकांची नोकरी वाचवली, घरे उभी केली, आणि ३१ मेच्या त्या शाली अंगावर घातल्या.

उलट बाजूने वय चढवले जाई ते बहुधा मुलींचे, आणि हा भाग सांगताना आमचा उत्साह मावळतो. थोरली शाळेत निघाली की पाठची मागे लागे. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून गुरुजी तिचेही नाव लिहून टाकीत, वर्ष-सव्वा वर्ष वाढवून. पटसंख्याही वाढे. हा उदारपणाच होता. पण बारा-तेरा वर्षांनी त्याच मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, की शाळेचा दाखला बाहेर निघे, आणि कागद अठरा सांगे, तेव्हा मुलगी सतरा पुरी झालेली नसे. आपल्याकडे वय ठरवताना कायदाही शाळेच्या दाखल्याला मोठे वजन देतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यात तर तो पहिल्या क्रमांकावर आहे. ज्या मुलखात बालविवाह अजूनही थांबलेले नाहीत, तिथे पहिलीच्या वर्गात ‘सोयीसाठी’ पुढे ढकललेले एक वर्ष कोठे जाऊन पोचते, हे गुरुजींना दिसले नाही. आम्हालाही ते फार उशिरा दिसले.

पुढे लेखणी गुरुजींच्या हातून मंत्रालयात गेली. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याने सहा ते चौदा हे वय निश्चित केले. वयाचा दाखला नाही म्हणून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही, हेही त्यात आले. महाराष्ट्रात तोवर पाच पूर्ण झालेले मूल पहिलीत घेण्याचा प्रघात होता. जानेवारी २०१५ च्या शासन निर्णयाने तो टप्प्याटप्प्याने सहावर नेण्याचे ठरवले. मग सहा पूर्ण कधी व्हायचे, यावर वाद. सप्टेंबर २०२० मध्ये ही तारीख ३१ डिसेंबरपर्यंत पुढे नेण्यात आली आणि २०२१-२२ च्या प्रवेशांपासून ती अमलात आली. याचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. ३१ डिसेंबरला जन्मलेले मूल जूनमध्ये पहिलीत बसते तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षांचे असते. त्याच्यामागून एका रात्रीने, १ जानेवारीला जन्मलेले मूल पुढल्या जूनमध्ये साडेसहाचे होऊन येते. नर्सरीत हाच हिशेब अडीच आणि साडेतीन असा होतो. अडीच वर्षांचे मूल म्हणजे अजून दुपट्याची सवय न सुटलेले मूल. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत जन्मलेल्यांच्या घरी जानेवारीत जी चिंता असते, तिचे मूळ या एका तारखेत आहे.

ही चिंता निराधार नाही. इंग्लंडात १८७० च्या कायद्याने पाचवे वर्ष धरले गेले, फिनलंडमध्ये मुले सातव्या वर्षी शाळेत जातात. म्हणजे निसर्गाने नेमून दिलेला असा आकडा नाहीच. पण एकाच वर्गातल्या थोरल्या-धाकट्यांमध्ये फरक पडतो, हे बेडर्ड आणि ड्युई या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००६ मध्ये अनेक देशांच्या परीक्षांवरून दाखवले. चौथीत तो ठळक असतो, आठवीत कमी होतो, पण पुसला जात नाही. अमेरिकेत तर मुद्दाम वर्षभर थांबवण्याला ‘रेडशर्टिंग’ असे नाव आहे. ते तिथल्या महाविद्यालयीन खेळांतून आले: खेळाडूला एक वर्ष सामन्यांबाहेर ठेवायचे, म्हणजे पुढे तो अधिक दांडगा होऊन उतरतो. शब्दच सारे सांगून जातो. थांबणे मुलासाठी नसून सामन्यासाठी असते.

लातूरला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याने पुढच्या दशकभरात ‘लातूर पॅटर्न’ या नावाने स्वतःची ओळख घडवली. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांचे निकाल, बोर्डाच्या गुणवत्ता याद्या, मग वैद्यकीय प्रवेश. आणि त्यामागून खोल्या भाड्याने देणारी घरे, खानावळी, अभ्यासिका. नांदेडही त्याच वाटेने गेले. त्या परिश्रमांची आम्ही थट्टा करणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरे डॉक्टर झाली ती यामुळेच. पण या शहरांत ‘रिपीटर’ हा शब्द आता भाजीबाजारात ऐकू येतो. बारावीनंतर एक वर्ष पुन्हा देणे सर्वमान्य आहे. तेव्हा एका वडिलांनी आम्हाला विचारले, ‘सर, अठराव्या वर्षी द्यायचंच आहे एक वर्ष, तर चौथ्या वर्षीच दिलेलं काय वाईट?’ आम्हाला उत्तर सुचले नाही. याच नांदेडात इंटरला पुनःपुन्हा नापास झालेले नरहर कुरुंदकर पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. तो किस्सा आम्ही सांगणार होतो. पण त्या गृहस्थांना तो दिलासा वाटला नसता.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. हे ‘थांबणे’ म्हणजे थांबणे नसतेच. ज्या मुलाला एक वर्ष मागे ठेवले, ते घरी आजीजवळ मातीत खेळत नाही. ते त्याच शाळेच्या खालच्या वर्गात, त्याच टाय-बुटांत, तीच अक्षरे दुसऱ्यांदा गिरवते. फी दोनदा भरली जाते. फ्रोबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्गला मुलांसाठी आपले काम सुरू केले, आणि पुढे त्याला बागेचे नाव दिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हे नव्हते. ताराबाई मोडकांच्या तर मुळीच नव्हते. गिजुभाईंबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाई १९४५ मध्ये अनुताई वाघांसह बोर्डीला गेल्या, आणि पुढे कोसबाडला. तिथे त्यांना दिसले, की मूल शाळेत येत नाही याचे कारण वय नव्हे. कडेवरचे भावंड आहे, राखायची गुरे आहेत. म्हणून शाळा मुलाच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी, गुराख्यांसाठी कुरणशाळा, हे त्याच विचाराचे पुढचे रूप. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेने तो शब्द देशभर नेला. अंगणाचे काय झाले ते आपण गावोगाव पाहतोच.

त्या अंगणवाडीतले मूल नेमलेल्या वयाला पहिलीत येते, कारण त्याला थांबवून ठेवणे कोणाला परवडत नाही. आई रोजाने जाते; दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबांत तर शाळेचे अर्धे वर्षही हाती लागत नाही. आता त्याच्या शेजारच्या बाकावर, वर्षभर मुद्दाम थांबवलेले, दोन शिशुवर्ग पक्के केलेले, साडेसहाचे मूल येऊन बसते. कानाच्या परीक्षेत जो साडेसहाचा पोरगा शेरडांमागे परत गेला होता, त्याचा नातू आता साडेपाचाव्या वर्षी वेळेवर शाळेत आला आहे. आणि वेळेवर आला म्हणूनच तो वर्गात सर्वांत लहान आहे. पूर्वी उशीर गरिबाच्या वाट्याला येई. आता तो विकत मिळतो.

खोटी तारीख लिहिण्याचे दिवस मात्र सरले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखला हाच पुरावा धरला जाणार आहे. ती मुले २०२६ पासून नर्सरीच्या दारात उभी राहतील, आणि एक जूनच्या माणसांची पिढी तिथे कायमची संपेल. आम्हाला थोडे वाईट वाटते, हे कबूल केले पाहिजे.

आमची नात १९ डिसेंबरची. मुलगा लातूरला असतो. यंदा जानेवारीत तो आणि सूनबाई दोन्ही बाजूंचे मुद्दे कागदावर मांडून आमच्याकडे नांदेडला आले. सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, वर्गात सगळ्यांत लहान राहील ती.’ मुलगा म्हणाला, ‘सगळ्यांत हुशारही राहील कदाचित.’ आम्ही वर लिहिले आहे तेच सारे त्यांना ऐकवले, आणि अखेर थांबावे असेच सुचवले. एका अटीवर, की ते वर्ष तिने नांदेडला आमच्याकडे, कोणत्याही वर्गाविना काढावे. अट ऐकून दोघेही गप्प झाले. तिची आजी इतका वेळ शेंगा सोलत होती. तिने पोरीला जवळ बोलावून हात डोक्यावरून कानाला लावायला सांगितला. पोरीने जीभ बाहेर काढून पुष्कळ ताण दिला. बोटे कानाच्या वरच्या कडेला लागली, पण कान काही हातात आला नाही. तिला ती नवीनच गंमत वाटली. संध्याकाळपर्यंत ती आल्या-गेल्याला आपला कान धरून दाखवत होती, आणि दर वेळी मान थोडी वाकडी करत होती.